मुक्या सोबत्याचे आजारपण

तुळजापूर हे भवानीचे क्षेत्र म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु त्याच तालुक्यात अणदूर व नळदुर्ग येथे खंडोबाचेही ठाणे आहे आणि खंडोबा म्हटला की त्याच्या पायाशी कुत्रे हे ओघानेच आले. ज्या प्रदेशात श्वानास देवाच्या परिवारात स्थान मिळाले, त्या प्रदेशातील घरच्या कुत्र्यास दुर्धर व्याधी जडली असता त्याचे धनी काय करीत आले, हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण मुक्या जिवाविषयीच्या आपल्या कर्तव्यबुद्धीचा इतिहास त्यात दडलेला असल्याने तो विचारात घेण्याजोगा आहे.

प्राण्यांवर औषधोपचार करण्याची कल्पना आपणांस नवी नाही. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा यांचा एकत्र उल्लेख आहे. अश्वांसाठी शालिहोत्राची, तर गजांसाठी पालकाप्याची परंपरा प्रसिद्धच आहे. तुळजापुरापासून फारशा दूर नसलेल्या कल्याणीस बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या वीस विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे श्वानांचा विनोद, गणला आहे. तथापि एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. हत्ती व घोडे हे सैन्याचे अंग असल्याने त्यांच्या रोगांवर स्वतंत्र शास्त्रे निर्माण झाली. उंबऱ्याशी निजणाऱ्या कुत्र्यास तसा शास्त्रकार क्वचितच लाभला. वैद्यकाने कुत्र्याकडे पाहिले ते मुख्यतः भयाने. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाच्या दंशाचे वर्णन केले आहे आणि ज्यास पाण्याचे भय उत्पन्न झाले त्या रोग्याची आशा सोडली आहे.

या भयाचा व करुणेचा उघड संघर्ष १८३२ साली मुंबईत झाला. मोकाट कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे देण्याची पद्धत सरकारने चालविली होती. त्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांसही ओढून नेतात, अशी लोकांची तक्रार झाली. जून महिन्यात पारशी समाज खवळून उठला, हिंदू व जैन व्यापारी त्यास मिळाले आणि दुकाने बंद पडली. पारशी धर्मात श्वानास किती पवित्र मानतात हे जाणणाऱ्यास या क्षोभाचे आश्चर्य वाटणार नाही. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. कोणत्याही जिवास मारावयाचे नाही, तो आपल्या मरणाने जाईपर्यंत त्यास पोसावयाचे, हे पांजरपोळाचे ब्रीद.

याच शतकाच्या उत्तरार्धात दयेची दुसरी रीत आली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानाने परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले आणि १८८६ साली तेथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. येथे रोगी प्राण्यास नुसता आश्रय नव्हे, तर निदान व उपचार मिळू लागले. परंतु पाश्चात्त्य पशुवैद्यक एक कठोर वचनही बरोबर घेऊन आले होते: जेथे उपाय नाही तेथे वेदना थांबविणे हेच औषध. पांजरपोळ म्हणे, जीव घेण्याचा अधिकार आपला नव्हे; रुग्णालय म्हणे, तळमळ लांबविण्याचाही अधिकार आपला नव्हे. दोन्ही पक्ष करुणेचेच असल्याने हा वाद अद्याप मिटलेला नाही.

तुळजापूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते व १९४८ पर्यंत तेथेच राहिले. परळचे रुग्णालय तेथील गृहस्थास दुर्लभच होते. पिसाळलेल्या श्वानाच्या दंशावर पाश्चरने १८८५ साली उपाय शोधिला. पण हिंदुस्थानातील पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये निघाली ती दूर कसौलीस, व दुसरी १९०७ मध्ये कुन्नूरास. श्वानज्वराचे विषाणुजन्य स्वरूप कारे या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ साली दाखविले व त्यावरील लस इंग्लंडात लेडलॉ व डंकिन यांनी १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केली. तोवर घरचे कुत्रे आजारी पडले तर भंडारा, नवस, झाडपाला आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते. निवड करण्याजोगे काही नसल्याने निवडीचे दुःखही नव्हते.

आज ती स्थिती पालटली आहे. परभणीस १९७२ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, पुढे उदगीरासही निघाले, आणि सोलापूर तर तुळजापुरापासून अवघे पंचेचाळीस किलोमीटर. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो रोगाने रक्ताची हगवण लागलेले पिल्लू शिरेतून वेळेवर क्षार व पाणी दिल्यास पुष्कळदा वाचते. याउलट श्वानज्वर मेंदूत शिरून झटके येऊ लागले म्हणजे वैद्याचे सामर्थ्य फार थोडे उरते, आणि पिसाळलेल्या श्वानास तर अजूनही उपचार नाही. लस वेळीच टोचविणे हा जो सर्वांत स्वस्त निर्णय, तोच पुष्कळ घरी राहून जातो.

मग असाध्य दुखण्यात धन्याने काय करावे? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमाने, ज्यास जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्यास यातनेतून सोडविण्याची मुभा दिली आहे. आज पशुवैद्य भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतो, तेव्हा प्राणी प्रथम निद्रेत जातो. पण कायदा मुभा देतो, निर्णय देत नाही. रोगी आपली इच्छा सांगू शकत नाही. तो खातो की नाही, उठतो की नाही, हाकेस शेपूट हलवितो की नाही, एवढ्याच त्याच्या साक्षी. त्यात घरातील पैशाचा प्रश्न येतो, आणि तो मनात आला म्हणून लाजण्याचे कारण नाही. लेकरांच्या फीचे पैसे आणि कुत्र्याच्या सलाईनचे पैसे एकाच पेटीतून निघतात.

मात्र इतिहास पाहता एक कसोटी हाती लागते. पांजरपोळाने शिकविले की केवळ आपली अडचण होते म्हणून जीव घेऊ नये. रुग्णालयाने शिकविले की केवळ आपणांस वियोग सोसवत नाही म्हणून वेदना लांबवू नये. दोन्ही वाक्यांत दोष एकच सांगितला आहे, तो म्हणजे रोग्याच्या जागी स्वतःस बसविणे. महाभारतातील युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारी बरोबरच्या कुत्र्यास सोडले नाही, त्याचे मर्म सोबत न सोडण्यात आहे. उपचार चालू ठेवा वा थांबवा, त्या शेवटच्या घटकेस धन्याचा हात त्याच्या मस्तकावर असावा. या मागणीपुढे पांजरपोळ व रुग्णालय यांचे एकमत होते.