शनी आणि निर्मिक

दिवाळी अंक आला की आमच्या मानपाड्याच्या घरी आधी राशिभविष्य उघडते. यंदा धाकटीने विचारले, "बाबा, शाळेत शिकवता तो शनी आणि हा साडेसातीचा शनी एकच का हो?" मी निरुत्तर झालो. मग जोतीराव फुले आठवले. 1888 साली पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते छापले गेले मृत्यूनंतर, 1891 मध्ये. अनंत सूर्यमंडळे घडविणारा निर्मिक त्यांना मान्य होता. मध्यस्थ, नैवेद्य आणि ग्रहपीडा मात्र मुळीच नाही. देवाला मानून शनीला न भिणे, केवढे हे धाडस! मला अजून ते पुरते साधलेले नाही. "एकच," मी धाकटीला म्हणालो, आणि माझी रास न वाचताच अंक तिच्या हाती दिला.