नक्की कुठे?

गिरगावात सराफाच्या शटरशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. मध्यरात्री गस्तीवरचा हवालदार यायचा, टॉर्च काखेत धरून वेळ टाकायचा, सही ठोकायचा आणि पुढच्या नाक्याकडे निघायचा. वहीच्या कडा दमटपणाने फुगलेल्या. कोण, कुठे, किती वाजता एवढंच तिच्यात असे. आता मुंबईत क्यूआर कोड स्कॅन करूनही गस्त नोंदवतात. ‘कुठे’ हा प्रश्न मात्र तोच आहे.

तो जुना आहे. ऑन्जिए मुंबईचा गव्हर्नर असताना, 1669च्या सुमारास, पहाऱ्यासाठी भंडारी समाजातल्या लोकांचं पथक उभं राहिलं. त्याची ठाणी माहीम, शिवडी आणि शीव इथे, म्हणजे बेटांच्या कडेला. धोका बाहेरून येणार, असा हिशेब असावा. 1864मध्ये फ्रँक साउटर पहिले पोलीस कमिशनर झाले, तोवर शहर आतूनच दाटलं होतं. त्याच सुमारास लॉटन या अधिकाऱ्याने शहराची मोजणी सुरू केली. 40 फुटांना 1 इंच, इतका बारीक नकाशा! तो काढला जमीनमहसुलासाठी, चोरांसाठी नव्हे.

गुन्ह्यांचा नकाशा आधीच फ्रान्समध्ये निघाला होता. 1829मध्ये बाल्बी आणि गेरी या अभ्यासकांनी शिक्षण आणि गुन्हे शेजारी शेजारी मांडले, तर शिकलेल्या भागांत मालमत्तेचे गुन्हे जास्त! नकाशाने आपली समजूत अशी मोडली, तरच त्याचा उपयोग, असं मला वाटतं.

मुंबईतही ‘कुठे’चाच धागा कामी आला. 1993च्या बॉम्बस्फोटांचा माग लागला तो वरळीला टाकून दिलेल्या मारुती व्हॅनवरून. गाडीच्या नोंदणीने पोलिसांना थेट संशयितांच्या माहीमच्या घरापर्यंत नेलं. 13 जुलै 2011ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना पुन्हा बॉम्बस्फोटांनी हादरले. शहरभर कॅमेरे हवेत ही मागणी 26/11च्या हल्ल्यापासूनच होती, पण ते उभे राहायला 2016 उजाडलं. सुमारे दीड हजार ठिकाणी साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे.

कॅमेरा जागचा हलत नाही, माणूस हलतो. लालबागच्या राजाच्या रांगेत खिशातला फोन जातो. खिसा रिकामा असल्याचं कळतं कधी, तर दादरला गाडी बदलताना. मग तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे की शहर पोलिसांकडे, इथून सुरुवात. नोंद होते ती दादरची, आणि संगणकाच्या नकाशावर ठिपकाही तिथेच पडतो. हात मारला गेला ती गल्ली कोरी राहते. असे शेकडो ठिपके साचले की पुढच्या वर्षीचा बंदोबस्त कुठे लावायचा, हे तोच नकाशा सांगू लागतो.

म्हणून टेबलामागचा जुना हवालदार संगणकाला हात लावण्याआधी विचारतो, “नक्की कुठे गेला?”

“साहेब, चिंचपोकळीला उतरलो तेव्हा होता.”