पाट, सप्तपदी आणि घरातल्या बाईचा हक्क



आमच्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायकांच्या तोंडी ‘तिचं लग्न नाही झालं, पण ती त्याच्याकडेच राहते’ असं सहज येतं. ‘लिव्ह-इन’ हा शब्द नवा, राहणं जुनंच.

पूर्वी महाराष्ट्रात अनेक जातींत विधवेचा किंवा नवऱ्याने सोडलेल्या बाईचा ‘पाट’ लागे. त्यात सप्तपदी नसे, पण जात ते मान्य करी. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्येला बंदी आली. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. तो आपल्या जैनांनाही लागू आहे.

१९६५ साली सुप्रीम कोर्टाने भाऊराव लोखंडे खटला निकाली काढला. पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून ते कायद्याने लग्नच नव्हे, असा निकाल लागला आणि नवरा सुटला. पहिलीच्या तक्रारीला यश नाही, दुसरीला पत्नीचा दर्जा नाही!

१९७८ साली मात्र पन्नास वर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलंच आहे, असं कोर्टाने धरलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘लग्नासारख्या नात्यातल्या’ बाईलाही संरक्षण, निवारा आणि पोटगी मागण्याची वाट दिली. २०१० साली कोर्टाने अटी सांगितल्या: दोघं सज्ञान, लग्नाला मोकळी, बराच काळ एकत्र आणि समाजात जोडपं म्हणून वावरणारी हवीत. पुरुष विवाहित आहे हे माहीत असून राहणाऱ्या बाईला २०१३ च्या निकालाने हे संरक्षण नाकारलं. अशा बाईलाही पोटगी मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारने २००८ साली प्रस्ताव मंजूर केला होता, पण केंद्राच्या कायद्यात तो बदल झाला नाही. आणि नुसतं एकत्र राहून वारसाहक्क मिळत नाही.

आपल्या श्रावकाचारात स्वदारसंतोष हे अणुव्रत आहे. ते आपण पाळावं. पण वीस वर्षं चूल सांभाळलेली बाई उद्या घराबाहेर निघाली, तर तिला नावं ठेवण्यात कसली अहिंसा? कामवाल्या मावशींना, ओळखीच्या मुलींना एवढं नक्की सांगा: लग्नाची नोंदणी करा, रेशनकार्डावर नाव घाला, भाड्याच्या करारावर सही करा. वेळ आली की हेच कागद बाईच्या बाजूने बोलतात.