चहाचा फोटो आणि पोराचा ताबा

परवा कोर्टाच्या आवारात चहा घेत उभा होतो. ओळखीची एक ताई भेटली. घटस्फोटाची केस चालू आहे, पदरात आठ वर्षांचा मुलगा. इकडेतिकडे बघत तिनं विचारलं, "दादा, कुणासोबत मी चहा प्यायले आणि कुणी फोटो काढून कोर्टात दिला, तर पोरगं काढून घेतील का हो माझ्याकडून?"

ही भीती दीडशे वर्षांहून जुनी आहे. म्हणून जरा मागं जाऊन लिहितो.

१८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. लग्नाला परवानगी मिळाली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा. शिवाय मुलांसाठी दुसरा पालक नेमा, असा अर्ज सासरच्यांना कोर्टात करता यायचा. बायको वारल्यावर दुसरं लग्न करणाऱ्या बापाला असली धास्ती नव्हती.

आपल्याकडं अनेक जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होताच. बाकीच्या हिंदूंना कायद्यानं घटस्फोट उशिरा मिळाला. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ ला, मुंबई प्रांतात १९४७ ला आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. त्यातही निकालानंतर पुन्हा लग्न करायला वर्षभर थांबावं लागे. ती अट १९७६ ला गेली. आता अपिलाची ९० दिवसांची मुदत संपली आणि अपील झालं नाही, तर दोघंही मोकळे.

पण त्याच १९७६ च्या दुरुस्तीनं एक गोष्ट कडकही केली. आधी जोडीदार 'व्यभिचारात राहतो' हे दाखवावं लागे. तेव्हापासून एकदाचा शरीरसंबंधही घटस्फोटाला पुरेसा ठरला. केस चालू आहे म्हणजे लग्न अजून कायम आहे, हे विसरून चालत नाही.

फौजदारी कलम ४९७ वेगळं. त्यात बायकोला शिक्षा नव्हती, पण तक्रारीचा हक्क नवऱ्याचा, तोही दुसऱ्या पुरुषाविरुद्ध. जणू बायको म्हणजे मालमत्ताच! सुप्रीम कोर्टानं २७ सप्टेंबर २०१८ ला ते रद्द केलं. गुन्हा गेला, घटस्फोटाचं कारण मात्र राहिलं. बायको दुसऱ्यासोबत राहते असं सिद्ध झालं तर तिची पोटगीही अडू शकते. मुलाच्या खर्चाचा हक्क त्यानं जात नाही.

आता ताईचा खरा प्रश्न. ताब्यात मुलाचं हित सर्वांत वर, असं १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा स्पष्ट सांगतो. २०२४ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टानंही म्हटलं की व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकेल, पण तेवढ्यावरून आईला मुलाचा ताबा नाकारता येणार नाही. घरात येणाऱ्या माणसामुळं मुलाला त्रास होतो का, हे मात्र कोर्ट बघतं. आईच्या घरी आणि बापाच्याही.

तर ताई, नुसत्या चहाच्या फोटोनं पोरगं जात नाही. निकालाआधी दुसरं लग्न नको, आणि एकत्र राहायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोल.

आणि गावकऱ्यांनो, एक विनंती. चौकात दिसलेल्या बाईचा फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी तिच्या पोराचा विचार करा. तो फोटो शाळेपर्यंत पोचतो.