शाळेतील नाटक आणि घरची बोली : पांढुर्णा-सौंसरचे उदाहरण

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरच्या उत्तरेस, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठीबहुल तालुके आहेत. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, तर सौंसर नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. संत्री आणि कापूस ही या भागाची ओळख. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी आणि बहुतेक शाळांत हिंदी माध्यम अशी दुहेरी व्यवस्था तेथील मुलांच्या वाट्याला आली, ती आजही कायम आहे.

घरातील ही मराठीदेखील पुस्तकी मराठी नव्हे. ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’ म्हणणारी ती वैदर्भी बोली आहे. काही घरांत पवारी, काहींत गोंडी बोलली जाते. अशा घरातून आलेले मूल वर्गात उभे राहते तेव्हा त्याला उत्तर ठाऊक असूनही ते कोणत्या शब्दांत द्यावे याची धास्ती असते. घरी कोकणी आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशा वातावरणात वाढलेल्या गोव्यातील वाचकाला ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मूल गप्प राहते, आणि शिक्षक त्याच्या गप्प राहण्याला अज्ञान समजतात. शाळेत नाटक शिकविण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे एक ठोस उत्तर या गप्प बसलेल्या मुलाजवळ सापडते.

येथे ‘नाटक’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे शाळेतील नाटक म्हणजे स्नेहसंमेलनातील एकांकिका, असा समज रूढ आहे. तीस मुलांच्या वर्गातून स्पष्ट उच्चारांची पाच-सहा मुले निवडली जातात, त्यांच्याकडून संवाद पाठ करून घेतले जातात आणि उरलेल्यांना झाड, सैनिक किंवा प्रेक्षक केले जाते. ज्याला बोलण्याची सर्वाधिक गरज, नेमके तेच मूल झाड होते. अशा प्रयोगांचा आनंद नाकारण्याचे कारण नाही. पण शिक्षणाचे माध्यम म्हणून नाटक वापरणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे प्रेक्षक नसतात, संहिता बहुधा नसते आणि वर्गातील प्रत्येक मूल भूमिकेत असते.

या पद्धतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमधील सॉम्पटिंग या खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन यांनी इतिहासापासून गणितापर्यंतचे विषय मुलांना नाट्यातून शिकविले आणि १९११ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. पीटर स्लेड यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांचे नाट्य ही प्रौढांच्या रंगभूमीची लहान आवृत्ती नसून स्वतंत्र कला आहे, असे प्रतिपादन केले. पुढे डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकानेच वर्गात एखादी भूमिका घेण्याचे तंत्र विकसित केले. शिक्षक सर्वज्ञ न राहता अडलेला प्रवासी किंवा गोंधळलेला अधिकारी होतो आणि मदतीसाठी मुलांकडे वळतो. अशा वेळी मुलांना बोलावेच लागते, कारण माहिती त्यांच्याजवळ असते.

सौंसरच्या एखाद्या आठवीच्या वर्गात असा तास कसा होऊ शकेल, हे कल्पून पाहता येते. विषय परिसरातलाच, संत्र्याच्या बागेचा सौदा. आंबिया बहाराची फळे झाडावर आहेत आणि बाहेरगावचा व्यापारी उभी बाग एकरकमी घ्यायला आला आहे. शिक्षक व्यापारी होतात. काही मुले बागाईतदाराचे कुटुंब, काही तोडणीचे मजूर, एखादा मालमोटारीचा चालक, एखादा नागपूरच्या कळमना बाजारातील अडत्या. घरातील माणसे आपसांत वैदर्भीत बोलतील, व्यापाऱ्याशी हिंदीत घासाघीस करतील आणि सौदा ठरल्यावर त्याचा कागद प्रमाण हिंदीत लिहितील. त्याच ओघात झाडामागे किती फळ, गळतीची किती टक्के सूट, तोडणीची मजुरी कोणी द्यायची, हे हिशेबही करावे लागतील. भाषा बदलण्याची सूचना शिक्षकाला द्यावी लागत नाही, ती प्रसंगातूनच मिळते. घरची बोली चुकीची नाही, ती एका जागी योग्य आणि दुसरी भाषा दुसऱ्या जागी योग्य आहे, एवढे मुलाला या चाळीस मिनिटांत कळते. व्याकरणाच्या तासाला ते इतक्या सहज समजत नाही.

हे सारे सदिच्छेचे बोलणे आहे की त्याला आधार आहे? ॲन पॉडलॉझ्नी यांनी २००० मध्ये अशा ८० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गात कथा अभिनित केल्याने मुलांचे आकलन, कथनाची क्षमता आणि भाषिक कौशल्य वाढते आणि हा लाभ न अभिनित केलेल्या नव्या मजकुरापर्यंतही पोहोचतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलाशिक्षणविषयक अहवालानेही नाट्य आणि भाषिक कौशल्य यांचा संबंध मान्य केला. युरोपातील १२ देशांत १३ ते १६ वयोगटातील सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात, नाट्यवर्गातील मुले बोलण्या-वाचण्यात अधिक आत्मविश्वासू आणि परक्यांविषयी अधिक सहिष्णू आढळली. मात्र नाटकामुळे सर्वच विषयांचे गुण वाढतात, असा दावा कोणी करीत असेल तर तो सावधपणे घ्यावा; पुरावा मुख्यतः भाषेपुरता आहे. पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात प्रश्नही भाषेचाच आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पांढुर्णा देशभर ओळखले जाते ते गोटमारीसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव परस्परांवर दगड फेकतात. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी पळून जात असताना नदीत त्यांच्यावर झालेल्या दगडफेकीची आख्यायिका त्यामागे सांगितली जाते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते स्वीकारले नाहीत. आदेश आणि बंदोबस्त यांनी जे साधले नाही ते शाळेतील नाटक साधेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण गोटमार हेही मुळात एका कथेचे सामूहिक सादरीकरण आहे, आणि त्या कथेत ज्यांना कधीच बोलू दिले गेले नाही अशी पात्रे आहेत: ती तरुणी, तिची आई, तरुणाची बहीण. वर्गात दगड उचलण्याच्या क्षणी प्रसंग थांबवावा आणि काठावर उभ्या असलेल्या आईला बोलते करावे. मग पांढुर्ण्याच्या मुलांनी सावरगावच्या काठावर उभे राहावे आणि सावरगावच्यांनी पांढुर्ण्याच्या. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या रंगपद्धतीत प्रेक्षक प्रसंग थांबवून स्वतः पात्राच्या जागी उभा राहतो आणि वेगळे काय करता आले असते ते करून पाहतो. येथे ती नेमकी लागू पडते. परंपरेवर टीका न करता तिच्या आत शिरण्याची ही वाट आहे.

नाट्याची सामग्री या भागाला बाहेरून आणावी लागत नाही. विदर्भात मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत सासर-माहेरचे अख्खे संवाद असतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुले सोंगे घेतात. खडी गंमत आणि दंडार हे वैदर्भी लोकनाट्याचे प्रकार तर प्रसंगानुरूप संवाद रचण्याच्या कौशल्यावरच उभे आहेत. गोव्यात देवळाच्या प्रांगणातील उत्सवी नाटकांनी आणि दशावतारी काल्याने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना सभेत बोलायला शिकविले. त्याला शाळेबाहेरचे नाट्यशिक्षण म्हणण्यास हरकत नसावी.

धोरणाच्या पातळीवर वाट मोकळी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत स्थान देण्याची शिफारस केली होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कलेची सांगड इतर विषयांशी घालण्यावर भर दिला, आणि एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘कृति’ या नव्या कलापुस्तकात चित्र, संगीत आणि नृत्याबरोबर नाट्याचा स्वतंत्र विभाग आहे. अडचण शिक्षकाची आहे. भोपाळ येथे २०११ पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय चालते, पण ते रंगकर्मी घडविणारे विद्यालय आहे. भाषा किंवा गणित शिकविणाऱ्या शिक्षकाला आठवड्यातून एक तास भूमिकेत शिरायला शिकविणे हे वेगळे काम आहे. त्याला रंगमंच, पडदे किंवा रंगभूषा लागत नाही. बाके भिंतीला सरकवून केलेली मोकळी जागा, पंचवीस-तीस मुले आणि काही वेळ ‘मला माहीत नाही, तुम्ही सांगा’ म्हणण्याची तयारी असलेला शिक्षक एवढे पुरते. त्या शिक्षकाला मुलांची बोली कळत असेल तर अर्धे काम झालेले असते, आणि पांढुर्णा-सौंसरमध्ये अनेक शिक्षकांची घरची भाषाही तीच आहे.