राग सिगारेटवर, निकाल निकोटिनवर

लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स 1518 सालचं, आठव्या हेन्रीच्या सनदेनं स्थापन झालेलं. नावात कॉलेज असलं तरी ते मूळचं डॉक्टरांचं मंडळ. लोकांच्या व्यसनांबद्दल सरकारला चार शब्द सुनावण्याची त्याची सवयही जुनीच. अठराव्या शतकात जिननं शहर पोखरलं होतं, तेव्हा या मंडळानं पार्लमेंटकडे गाऱ्हाणं नेलं होतं. सिगारेटविरुद्ध मात्र त्याची जीभ लवकर उचलली गेली नाही.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 मध्येच सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं छापून दाखवलं होतं. 1954 मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकारांना बोलावून सरकारला हे नातं मान्य असल्याचं सांगितलं. त्या परिषदेत ते स्वतः एकामागून एक सिगारेटी ओढत होते. ढोंग म्हणून हे सोडून देता येईल, पण तसं ते नव्हतं. ज्या देशात दहातले सात पुरुष सिगारेट ओढतात, तिथे ती घरातलीच वस्तू असते, आणि घरातल्या वस्तूची कुणाला किळस येत नाही. कॉलेजचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल ब्रेन यांच्यापुढे विषय निघाला, तेव्हा त्यांनीही अंग काढून घेतलं. माहिती जाहीर आहे, जनतेला उपदेश करणं आपलं काम नव्हे, असा त्यांचा सूर होता.

1957 मध्ये रॉबर्ट प्लॅट अध्यक्ष झाले आणि वारं फिरलं. सरकारी आरोग्य खात्यातले जॉर्ज गॉडबर आतून रेटा लावत होते. 1959 मध्ये समिती बसली. सचिव चार्ल्स फ्लेचर हे हॅमरस्मिथ रुग्णालयातले डॉक्टर आणि बीबीसीच्या पडद्यावरचा ओळखीचा चेहरा. ‘स्मोकिंग अँड हेल्थ’ हा अहवाल 7 मार्च 1962 रोजी बाहेर आला. तो बुधवार ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावायचा. सिगारेटवरच्या अहवालाला याहून चपखल मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडला नसता.

अहवालाची भाषा साधी होती आणि त्यात ओढणाऱ्याला दटावलेलं नव्हतं. जाहिराती आवरा, कर वाढवा, मुलांना विकू नका, ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी दवाखाने काढून पाहा, अशा त्याच्या शिफारशी. दटावायचं तर निम्म्या डॉक्टरांनाच दटावावं लागलं असतं, हेही खरं! टीव्हीवरची सिगारेटची जाहिरात 1965 मध्ये बंद झाली. 1971 मध्ये कॉलेजनं दुसरा अहवाल काढला आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅश’ ही प्रचारसंस्थाही उभी केली.

पुढचं दशक मात्र पदरी वाईट अनुभव टाकून गेलं. सिगारेट सुटत नसेल तर निदान कमी डांबराची ओढा, असा सल्ला तेव्हा चांगल्या चांगल्या डॉक्टरांनीही दिला. 1977 मध्ये तर तंबाखूत कृत्रिम पदार्थ मिसळलेल्या सिगारेटी ब्रिटनच्या बाजारात आल्या आणि सपशेल आपटल्या. एकोणचाळिसाव्या मजल्याऐवजी छत्तिसाव्यावरून उडी मारण्यातलाच हा प्रकार, अशी आरोग्यशिक्षणवाल्यांनी त्यांची संभावना केली. ‘लाइट’ सिगारेटी खपल्या खऱ्या, पण ओढणारा झुरका खोल घेऊन आपला निकोटिनचा हिशेब पुरा करायचा आणि डांबर होतं तितकंच फुप्फुसांत जायचं. कंपन्यांना हे ठाऊक होतं. ‘कमी घातक’ या शब्दांवरचा आरोग्यक्षेत्राचा विश्वास इथे उडाला. दुधानं तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पिणं आलं.

याच काळात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल वेगळीच गोष्ट सांगत होते. माणूस ओढतो निकोटिनसाठी आणि मरतो डांबरानं, हे त्यांचं 1976 मधलं म्हणणं. म्हणजे तलफ आणि मरण यांची फारकत करता येते. स्वीडनमध्ये ओवे फर्नो यांनी निकोटिनचं च्युइंगम बनवलं होतं. पाणबुडीतले खलाशी धूर करता येत नाही म्हणून तंबाखू चघळतात, यावरून ती कल्पना निघाली. ब्रिटनमध्ये ते 1980 मध्ये आलं, पण असं औषध आरोग्यसेवेच्या खर्चानं मिळायला 2001 उजाडावं लागलं. एक व्यसन सोडवायला दुसरं कशाला, हा आक्षेप मध्ये आडवा पडला होता. मला यात विज्ञानापेक्षा प्रायश्चित्ताची अपेक्षा जास्त दिसते. सुटका व्हावी, पण ती सोसून व्हावी.

कॉलेजनं 2000 मध्ये निकोटिनच्या व्यसनावर अहवाल काढला. ओढणं ही खोड नव्हे, हेरॉइन-कोकेनच्या तोडीचं व्यसन आहे, असं त्यात ठणकावलं. 2007 मध्ये ते पुढे सरकलं: ज्यांना सुटतच नाही, त्यांना निकोटिन धुराविना द्या.

2013 चा अहवाल त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या कॉलेजबरोबर केला, आणि मला या सगळ्या वाटचालीत तोच सर्वांत बोलका वाटतो. मनोरुग्णालयांत सिगारेटीला एक मानाचं स्थान मिळालं होतं. कर्मचारी रुग्णाला सोबत घेऊन ओढायला बाहेर जात. तेवढ्यात चार गप्पा होत, ओळख वाढे. बिचाऱ्याला दुसरं सुख काय आहे, असं म्हणत सगळे डोळेझाक करत. पण तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा कितीतरी वर्षं आधी मरतात आणि त्यात सिगारेटीचा वाटा मोठा. धोरण चुकायला किळसच लागते असं नाही, कळवळाही पुरतो.

28 एप्रिल 2016 चा ‘निकोटिन विदाउट स्मोक’ अहवाल जगभर गाजला. जॉन ब्रिटन यांच्या गटानं लिहिलं की ई-सिगारेटच्या वाफेचा दीर्घकालीन धोका सिगारेटीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी. आकडा अंदाजाचा होता आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलं ते योग्यच. पण पुष्कळांचा राग आकड्यावर नव्हताच. ज्या कंपन्यांनी ‘लाइट’च्या नावानं फसवलं, त्याच आता या धंद्यात पैसे ओतत होत्या. 2018 च्या अखेरीस मार्लबोरोवाल्या ऑल्ट्रियानं ज्यूल या ई-सिगारेट कंपनीचा 35 टक्के हिस्सा घेतला. हा राग रास्त आहे. फक्त कंपनी नालायक ठरली म्हणून वाफ धुराइतकी विषारी ठरत नाही.

2019 च्या सप्टेंबरात अमेरिकेत वाफ ओढणारी तरुण पोरं फुप्फुसं बिघडून दवाखान्यात येत होती. पुढे संशय मुख्यतः गांजाच्या अर्काच्या भेसळीवर, त्यातल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर स्थिरावला. त्या सप्टेंबरात ब्रिटननं आपला सल्ला बदलला नाही, आणि त्याच महिन्याच्या 18 तारखेला भारताच्या मंत्रिमंडळानं ई-सिगारेटवर सरसकट बंदी आणली. पोरांची काळजी खरी होती. विडी-सिगारेट मात्र टपरीवर होती तशीच राहिली.

लंडनचा धडा महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. 2016-17 च्या पाहणीत राज्यात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू तोंडात धरणारे 24.4 टक्के. धूर वगळा, हे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या गडचिरोलीला सांगून उपयोग नाही. तिथे तंबाखूच कर्करोग करते आणि जोडीची सुपारीही. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरंही सांगतील. निकोटिनचं दोन मिलिग्रॅमचं च्युइंगम मात्र औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळतं, आणि ते मागणारा विरळा.

एप्रिल 2024 च्या अहवालात कॉलेजला दोन्हीकडे तोंड द्यावं लागलं, कारण ब्रिटनमध्ये आता कधीच सिगारेट न ओढलेली मुलं वाफ ओढू लागली होती. मोठ्यांना सिगारेट सोडायला ई-सिगारेट द्या, पण मुलांना भुलवणारी वेष्टनं, किमती आणि जाहिराती आवरा, असं त्यात आहे. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटी तिथे 1 जून 2025 पासून बंद झाल्या. सिगारेट ओढणाऱ्यांतले निम्म्याच्या आसपास लोक मात्र वाफ धुराइतकीच किंवा त्याहून वाईट समजतात, आणि त्या समजुतीपोटी सिगारेटच ओढत राहतात.