तबकडीवरचे दप्तर

घराण्यातील मोडी कागदांचे रुमाल आमच्याकडे तीन पिढ्या जपलेले होते. सेवानिवृत्तीनंतर आम्ही त्या कागदांच्या प्रतिमा संगणकावर घेतल्या, सुट्या हार्ड डिस्कवर साठविल्या आणि वाळवीची चिंता मिटली असे मानले. पुढे एका पावसाळ्यात छत गळून काही रुमाल भिजले. अक्षरे पुसली गेली. त्यानंतर वर्षभरातच डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला. फायलींची नावे दिसत. फायली मात्र उघडत नसत.

या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे त्या आवाजाचा अर्थ कळतो. सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘रामॅक’ हा संगणक जाहीर केला. त्याच्या कपाटाएवढ्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९८० मध्ये सव्वापाच इंची तबकड्यांची डिस्क बाजारात आली. आज तळहातावरील डिस्कमध्ये लाखो ग्रंथ मावतात. या दाटीची किंमत अशी की, वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. त्याला आपली जागा सापडेनाशी झाली की ते पुन्हापुन्हा मागे येते; टक्‌टक्‌ होते ती बहुधा त्यामुळेच. टोक तबकडीस घासले, तर त्या जागेवरची नोंद कायमची जाते.

तरीही नोंदी किती चिवट असतात, याचे उदाहरण ‘कोलंबिया’ यानाचे. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची डिस्क काही महिन्यांनी अवशेषांत सापडली. तिचे आवरण जळाले होते, आत धूळ शिरली होती. परंतु ती अर्धीच भरलेली होती, जुन्या ‘डॉस’ प्रणालीने माहिती सलग लिहिली होती आणि हानी कोऱ्या भागात झाली होती. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्या हातून मात्र चूक झाली. केबल आणि जोडणीची जागा बदलून पाहणे योग्यच होते, कारण दोष पुष्कळदा तेथेच असतो. तो तेथे नाही हे कळल्यावर थांबायला हवे होते. आम्ही दोन संध्याकाळ डिस्क चालू-बंद करीत राहिलो. दुरुस्तीचा प्रोग्रॅमही थेट तिच्यावरच चालविला. अखेर एका जाणकाराकडे ती सोपविली. त्याने प्रथम टोकाची जोडणी बदलली. मग सुस्थितीतील भाग आधी आणि बिघडलेला भाग शेवटी, अशा क्रमाने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. पुढचे सारे काम त्या प्रतीवर केले. बहुतेक प्रतिमा परत मिळाल्या. अकरा पाने मिळाली नाहीत. त्यांपैकी चार पानांचे मूळ कागद भिजलेल्या रुमालातले होते. ती आता कोठेच नाहीत.

सरकारी दप्तरात आम्ही आयुष्यभर इतरांना बजावत आलो, की अस्सल कागदाला हात लावण्यापूर्वी नक्कल घ्यावी. स्वतःच्या घरी तोच नियम आम्ही विसरलो. आता प्रतिमांच्या तीन प्रती आहेत. त्यांपैकी एक परगावी बहिणीच्या घरी असते आणि दर दिवाळीस ती उघडून पाहिली जाते.